घरांचा तक्ता पाठ करून काय हाती लागतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या पुस्तकात ‘घरांचे प्रकार’ म्हणून एक पान असतं ते तुम्ही पाहिलंच असेल. इग्लू, तंबू, झोपडी, हाऊसबोट, आणि खाली जोड्या लावा. बर्फातले लोक म्हणजे इग्लू, डोक्याला पिसं लावणारे लोक म्हणजे टोकदार तंबू, झालं, पाचपैकी पाच मार्क. मग पोरांच्या डोक्यात कायमचं बसतं की ते लोक बाराही महिने बर्फाच्या घरात राहायचे. खरं म्हणजे बर्फाचं घर हे हिवाळ्यातलं, शिकारीच्या दिवसांतलं, तेही मुख्यतः कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्यूट लोकांचं. उन्हाळ्यात तीच माणसं कातड्याच्या तंबूत राहायची, आणि ग्रीनलंडमध्ये तर दगडाची आणि गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीची घरं होती. टिपीचं, म्हणजे त्या टोकदार तंबूचंही तसंच. तो गवताळ मैदानांत गव्यांच्या कळपांमागे फिरणाऱ्यांचा, म्हणजे अमेरिकेतल्या काही जमातींचा. त्याच खंडात इरोक्वा लोक झाडाच्या सालीने मढवलेल्या लांबलचक घरांत राहत होते, एकेका घरात कितीतरी चुली, आणि प्वेब्लो लोकांची तर मातीची मजल्यावर मजले असलेली घरं, शिडी लावून वर चढायचं. पण तक्त्यात जागा एकाच चित्राला.

माझं म्हणणं एवढंच आहे की घर शिकवताना पोरांना दोन प्रश्न विचारायची सवय लावा. हे असंच का बांधलं, आणि ही रीत इथे आणली कुणी. पहिला प्रश्न चांगले शिक्षक विचारतात, पाऊस जास्त म्हणून छप्पर उतरतं वगैरे. दुसरा मात्र जवळपास कुणीच विचारत नाही, आणि खरी मजा तर त्यातच आहे.

आता ओंडक्यांची केबिन घ्या. अमेरिकेच्या रानातलं घर म्हटलं की तीच डोळ्यासमोर येते. पण १६०७ मध्ये जेम्सटाऊनला आणि १६२० मध्ये प्लिमथला इंग्रज उतरले तेव्हा आजूबाजूला झाडंच झाडं असूनही त्यांनी ओंडके आडवे रचून, कोपऱ्यात खाचा पाडून घरं बांधली नाहीत, कारण ती त्यांची पद्धतच नव्हती, ते आपल्या गावासारखी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधे कुडाच्या भिंती अशी घरं बांधत बसले. खाचेत खाच बसवायची कला डेलावेअर नदीच्या खोऱ्यात १६३८ पासून आलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी आणली. म्हणजे जंगल तेच, थंडीही तीच, पण घर वेगळं, कारण हातातली सवय वेगळी. हे एकदा पोरांना कळलं की ‘हवामानानुसार घरे बदलतात’ हे घोकलेलं वाक्य किती अपुरं आहे ते त्यांचं त्यांनाच दिसतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरातल्या शॉटगन घराचं, हे माझं सगळ्यात आवडतं. रस्त्याकडे तोंड एका खोलीएवढंच, आणि मागे आगगाडीच्या डब्यांसारख्या खोल्या एकामागे एक, मधे पॅसेज नाही, त्यामुळे मागच्या खोलीत जायचं तर सगळ्यांच्या मधूनच जायचं. (प्रायव्हसी वगैरे विसरा.) लोक सांगतात की जागा अरुंद होत्या म्हणून अशी घरं झाली, आणि त्यातही तथ्य असेलच. पण लोकसंस्कृतीचे अभ्यासक जॉन मायकेल व्लॅच यांनी १९७०च्या दशकात याची मुळं कॅरिबियन बेटांमधल्या हैतीपर्यंत आणि त्याहीमागे पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या घरापर्यंत नेऊन दाखवली. हैतीतल्या क्रांतीत परागंदा झालेले सुमारे ९ हजार लोक १८०९च्या सुमारास क्यूबामार्गे न्यू ऑर्लीन्सला आले, त्यात गोरे होते, स्वतंत्र काळे लोक होते, गुलामही होते. येताना सामान फारसं आणता आलं नसेल, पण घर कसं बांधायचं ते आलं. इतिहासाच्या पुस्तकात गुलामगिरीवर धडा असतो आणि भूगोलात घरांवर, पण या दोन धड्यांची कधी गाठच पडत नाही!

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या मिनांगकाबाउ लोकांचं घरही असंच. पुस्तकात फक्त त्याचं शिंगासारखं वर वळलेलं छप्पर दिसतं आणि पोरं ‘वॉव’ म्हणून पान उलटतात. पण ते घर आईकडून मुलीकडे जातं, आतल्या खोल्या घरातल्या लग्न झालेल्या बायकांच्या, आणि नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला येतो. हे वर्गात नुसतं सांगून बघा, मुली ताठ बसतात की नाही! घराच्या आराखड्यातच नाती दिसतात ती अशी.

आणि गरिबाचं घर म्हणजे मागासलेलं हा समज तर या तक्त्यांनी फारच पक्का केलाय. बंगालमधल्या झोपडीचं बांबू वाकवून केलेलं, दोन्ही टोकांना खाली झुकलेलं छप्पर बघा. पावसाचं पाणी झरझर उतरावं म्हणून केलेली सोय, पण तोच आकार पुढे विष्णुपूरच्या मंदिरांत विटांमध्ये आला, १६५५चं जोडबांगला मंदिर बघा, आणि शाहजहानने तर लाहोरच्या किल्ल्यात नौलखा महालावर संगमरवरात चढवला. म्हणजे झोपडीचं छप्पर महालावर गेलं, उलटं नाही. कच्छमधली ‘भुंगा’ नावाची मातीची गोल घरंही घ्या, २००१च्या भूकंपात आजूबाजूची दगडी चौकोनी घरं कोसळली तेव्हा नीट बांधलेले कितीतरी भुंगे उभे राहिले, कारण गोल भिंतीत धक्का सगळीकडे वाटला जातो.

यासाठी प्रोजेक्टच्या नावाखाली आईबापांकडून थर्माकोलचा इग्लू करून घेण्याची काही गरज नाही हो. शॉटगन घरासारखी तीन खोकी एका ओळीत ठेवा, समोरासमोर दारं कापा, एका टोकाने फुंकर मारा आणि दुसऱ्या टोकाला कागदाचा कपटा हलतो का बघा, मग एक दार सरकवून परत बघा. उकाड्याच्या गावात दारं एका रेषेत का, हे पोरांना तेवढ्यात कळतं. मग नकाशा काढा आणि बोटाने आफ्रिका, हैती, क्यूबा, न्यू ऑर्लीन्स असा रस्ता काढायला सांगा.

तुमच्या मुलांच्या पुरवणीत दर आठवड्याला शब्दकोडं आणि ठिपके जोडा असतंच, त्याच्या शेजारी एकेक घर छापता येईल का ते बघा. चित्र मात्र बाहेरून काढलेलं गोंडस नको, मधोमध कापून आतलं दाखवणारं हवं, कोण कुठे झोपतं, जनावरं कुठे, धूर कुठून बाहेर जातो हे सगळं दिसेल असं. आणि खाली एका ओळीत, हे घर बांधणारे लोक इथे कुठून आले ते.

आपला,
एक नियमित वाचक