घड्याळ लागलं एकदाचं भिंतीवर!

संज्या,

घड्याळ लागलं रे भिंतीवर, आणि चालतंय! फोनच करणार होतो, पण तू लगेच फोटो टाक म्हणाला असतास आणि फोटोत काय कळतंय डोंबल, म्हणून सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बस.

आधीच सांगतो, सेलवरचं मशीन आणून लाकडी तबकडीमागे चिकटवलेलं नाहीये हे. चाकं, दाते, लंबकाची दांडी, सगळं लाकूड. आस तेवढे स्टीलचे आणि वजन म्हणून पितळी नळीत छर्रे भरलेत. फ्रेमला पेठेतला एक वाडा पाडला त्याच्या वाशांचं सागवान मिळालं. इतकं मुरलेलं लाकूड आता वखारीत पैसे टाकूनही मिळत नाही, पण आत खिळे एवढे की सुतारकाका रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवून बघायचे, तरी एक पातं गेलंच. चाकांना मात्र बर्च प्लाय घेतला. सागाच्या फळीत रेषा सगळ्या एकाच दिशेने, जो दाता आडव्या रेषेवर येईल तो टचकन तुटणार. प्लायचे थर उलटसुलट असतात म्हणून दाता कुठेही कापा, टिकतो.

हिशेब तुला आवडेल. लंबक ९९४ मिमीच्या आसपास, म्हणजे या टोकापासून त्या टोकाला जायला १ सेकंद. एस्केप व्हीलला, म्हणजे लंबकाच्या तालावर एकेक दाता सोडणाऱ्या चाकाला, ३० दाते, दोन टिकटिकींत एक दाता सुटतो, म्हणजे त्या चाकाचा फेरा बरोबर एका मिनिटात. तिथून मिनिटकाट्यापर्यंत ६० पट कमी करायचं, ते ६४ दात्यांना ८ आणि ६० दात्यांना ८ अशा चाकांच्या दोन जोड्यांत होतं, करून बघ. लंबकाच्या खाली एम६ चा नट आहे, एक पूर्ण आटा फिरवला की गोळा १ मिमी सरकतो आणि दिवसाला ४३ सेकंदांचा फरक पडतो! म्हणून नटवर पेनाने खुणा केल्यात, पाव पाव आटा फिरवत बसतो. दांडी लाकडी का, तर स्टीलची असली तर १० डिग्री वाढल्यावर दिवसाला ५ सेकंद मागे पडतं, लाकूड रेषेच्या दिशेने उन्हाने फारसं वाढत नाही. फक्त ओल खातं, म्हणून तिला वार्निश अगदी टोकांपर्यंत.

पण खरं सांगू का, चाकं कापण्यात मजा आहे, जीव जातो तो फिनिशिंगला. फ्रेमला चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने हात द्यायचे ठरवलं आणि नेमका पाऊस लागला. दमट हवेत ते पॉलिश पांढुरकं पडतं, त्यामुळे ऊन पडेपर्यंत सगळं तसंच पडून, आई रोज विचारायची हा पसारा कधी उचलणार. आणि दात्यांना तर पॉलिश लावायचंच नाही! चिकट होतात. तेलही नाही, लाकूड फुगतं, वर धूळ बसते. मग काय करायचं, तर प्रत्येक दात्याची घासणारी बाजू बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची आणि वर ६बी पेन्सिल घासायची, शिसं चढून काळी चकाकी येईपर्यंत. बोटं कोळशाच्या वखारीतल्या माणसासारखी झाली होती. इंग्लंडातला जॉन हॅरिसन, तो समुद्रावरच्या घड्याळांवाला, मुळात सुतार. १७१३ सालीच त्याने लाकडी चाकांचं घड्याळ केलं होतं, आणि नंतर तिथल्याच ब्रॉकल्सबी पार्क नावाच्या इस्टेटीतल्या घड्याळात तेल नको म्हणून मुळातच तेलकट असलेलं लिग्नम व्हिटे लाकूड वापरलं. ते अजून चालतं म्हणे. आपल्याला ते लाकूड कुठून मिळायला, पेन्सिल झिंदाबाद.

टांगताना भिंतीला ओळंबा लावला, तरी टिक आणि टॉक सारखे पडेनात, लंगडल्यासारखं चाले. फ्रेम केसभर डावीकडे सरकवली तेव्हा लागलं. रोज रात्री वजन वर ओढायचं काम बाबांनी परस्पर स्वतःकडे घेतलंय, कुणाला हात लावू देत नाहीत.

काटे सध्या प्लायचेच आहेत, ते काही मला पसंत नाहीत. तुझ्या काकांकडे शिसवीच्या जुन्या पलंगाचे पाय पडलेत ना माळ्यावर? एक घेऊन ये दिवाळीला येताना, त्यातून दोन काटे निघतील. आणि उरलेलं परत मागायचं नाही.

तुझाच,
बाळ्या