घर गावठाणातच बांधू

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

दादाचा फोन आला होता. घर रस्त्याकडच्या शेतात बांधायचं त्याच्या मनानं घेतलंय. कारण सांगतो ते एवढंच, की खडीचा हायवा डंपर वाड्याच्या बोळात शिरत नाही, शेतात थेट उतरतो. खोटं नाही ते. गावातली नवी घरं सगळी रस्त्याच्या कडेनंच का पसरली, याचं निम्मं उत्तर त्या हायवात आहे.

पण बाबा, ती काळी जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्यायचा म्हटला की वाहतुकीत वाचलेले पैसे तिथंच गडप. नळ नि गटार तिथवर कधी येणार कोण जाणे, आणि कर्ज मागायला गेलं की बँक आधी एनएचं, म्हणजे जमीन बिनशेती केलीय का ते, विचारते.

गावठाणातल्या जुन्या भिंतींवरच स्लॅब टाकू, हे तुमचं म्हणणं मात्र मला मुळीच पटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं दगावली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती नि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं अंगावर येऊन. तुम्ही स्वतः मदतीला गेला होतात ना? भिंती उतरवून घ्या. जोत्याला आणि दारं-खिडक्यांच्या वर सलग आरसीसी पट्टा हवाच. आई, माळवदाचा गारवा जाणार हे खरं. मे महिन्यात स्लॅबखाली भाजून निघतं. वर चुना मारू, पश्चिमेला पडवी काढू.

घोडं अडलंय ते नावावर. नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, अजून आजोबाच. वारसनोंद करा, मग काकांबरोबर वाटणीपत्र. शेजारच्या काकूंचं बघताय ना? घरकुलाचे १ लाख २० हजार मंजूर, पण जागा सामाईक, दिरांची संमती मिळेना, काम उभंच राहत नाही. सरकार २०२० पासून ड्रोननं गावठाणं मोजतंय, चांगलंच आहे. पण ड्रोनला भिंती दिसतात, भावकी दिसत नाही.

हक्कसोडपत्राचं बोलायला दादा कचरतोय. सही करीन मी. घराला आईचंही नाव लागलं पाहिजे, एवढीच अट.

शनिवारी येते. नमुना आठचा उतारा काढून ठेवा, आणि काकांना जेवायलाच बोलवा.

तुमची,
मनू