देखभालीसाठी खिडकी बंद कशाला?

संपादक महोदय,

आईच्या हयातीच्या दाखल्यासाठी गेल्या आठवड्यात एका कार्यालयात गेले होते. खिडकीच्या काचेला सेलोटेपने कागद चिकटवलेला: 'सर्व्हर मेंटेनन्स. आज काम बंद. उद्या येणे.' भोरहून एसटीने आलेल्या एका आजींनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, पिशवी उचलली आणि परत स्टँडकडे निघाल्या.

चौदा वर्षं मी डेटाबेस सांभाळते, म्हणून राहवलं नाही. देखभाल करावीच लागते, पण बहुतेक कामांसाठी सगळं बंद ठेवावं लागत नाही.

आमच्याकडे मोंगोडीबी नावाचा डेटाबेस आहे. तीन सर्व्हर, तिघांकडे तीच माहिती. प्रायमरी, म्हणजे मुख्य सर्व्हर, नव्या नोंदी घेतो; उरलेले दोन सेकंडरी त्याच्या ऑपलॉगवरून, म्हणजे बदलांच्या वहीवरून, त्या उतरवून घेतात. नवा इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन शोधायची सूची, बांधायचा असला की मी एक सेकंडरी थांबवते, कॉन्फिग फाइलमधली रेप्लिका सेटची (या तिघांच्या गटाची) ओळ तात्पुरती काढते, पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडून घ्यायच्या दाराचा क्रमांक, २७०१७ चा २७११७ करते आणि त्याला एकट्याला सुरू करते. उरलेले दोघे काम चालू ठेवतात.

पोर्ट बदलायला विसरून चालत नाही. एरवी सेकंडरी बाहेरून आलेली नोंद नाकारतो. एकटा सुरू केलेला सर्व्हर ती मुकाट्याने घेतो आणि बाकी दोघांना तिचा पत्ताच लागत नाही. २०१९ साली घाईत मी पोर्ट तसाच ठेवला. थेट त्या मशीनला जोडलेली एक जुनी स्क्रिप्ट आत शिरली आणि नोंदी जुळवता जुळवता पहाट झाली. २७११७ हा आकडा तेव्हापासून माझ्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे.

काम झालं की जुन्या सेटिंगने त्याला परत घ्यायचं. मधल्या वेळेतलं तो ऑपलॉगवरून भरून काढतो. ऑपलॉगमध्ये मात्र ठरावीक तासांच्याच नोंदी मावतात. त्या पुसल्या जाण्याआधी सर्व्हर परतला नाही, तर सगळी माहिती पहिल्यापासून उतरवावी लागते. म्हणून हात घालण्याआधी ते तास मी मोजून घेते. मग दुसरा सेकंडरी. प्रायमरी सगळ्यात शेवटी, तोही आधी पायउतार करून. थोड्याच सेकंदांत त्याची जागा दुसरा घेतो. एक बाहेर असताना आणखी एक पडला तर प्रायमरी निवडायला लागणारं तिघांतलं बहुमत जातं आणि नोंदी घेणं थांबतं, त्यामुळे हे सगळं रात्रीच करायचं.

लोकांची कामं करणाऱ्या कार्यालयांनी कंत्राट देतानाच लिहून घ्यावं: सर्व्हर किमान तीन, देखभाल एकेक बाजूला काढून आणि खिडकीच्या वेळेबाहेर. खरोखरच सगळं थांबवावं लागणार असेल, तर आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लावा. भोरची बाई पहाटेची एसटी धरण्याआधी तिला ते कळायला हवं.

– एक वाचक, धनकवडी, पुणे