मिशी पिळायची खूण

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा तीनदा "हो, हो" म्हणाले. मी विचारलं होतं, गुडघ्याला तेल कोणतं लावता? तेव्हाच ठरवलं की आता पत्रच लिहायचं. आई, हे वाचून दाखवू नकोस, त्यांच्या हातात दे. चष्मा लावून ते स्वतः वाचतील.

बाबा, एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे. शाळेत तुम्ही मला न्यायला आलात की मला लाज वाटायची. तुम्ही फाटकातून "बेबीऽऽ" अशी हाक मारायचात की आख्खं लालबाग वळून बघायचं. कँटीनवाल्याकडे चहा मागायचात तोही भांडल्यासारखा. कापड गिरणीच्या साचाखात्यात शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडायचे आणि तिथे आठ तास काढणाऱ्याचा आवाज बाहेर आल्यावर खाली उतरत नाही, हे मला कोण सांगणार? आईनेही कधी सांगितलं नाही. तिच्या दृष्टीने नवरे असेच बोलतात.

आणि घरात मात्र उलटा कारभार. तुमची तिसरी, म्हणजे रात्रीची पाळी असली की सकाळी सातचा भोंगा झाल्यावर तुम्ही केसांत कापसाची तूस घेऊन यायचात, मोरीत दोन तांबे अंगावर घ्यायचात आणि कॉटखाली चटई टाकून झोपायचात. कॉटवर आमची दप्तरं. दहा बाय बाराच्या त्या खोलीत मग आम्ही तिघं भावंडं मुकी. आई तर वाटपसुद्धा आपल्या पाट्यावर वाटायची नाही, नारळ-मिरच्या घेऊन शेजारच्या मावशींकडे जायची. आईकडे खानावळ लावलेली गाळ्यातली आठ माणसं दुपारी जेवायला यायची, तीही कुळथाची पिठी फुरका न मारता जेवायची. आई, आठ माणसांचं जेवण तू भांड्याला भांडं न लावता कसं करायचीस, हे मला अजून सुटलेलं नाही.

त्या मुक्या दुपारी आम्ही तुमच्याच खुणा वापरायचो. साच्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून तुम्ही लोक हातांनी बोलायचात, ते तुम्हीच एका रविवारी शिकवलं होतं. अंगठा ओठांना म्हणजे चहा. कपाळावर बोट म्हणजे सूत तुटलं. आणि मिशी पिळली की जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, आला, सावध. आज सांगते, ही शेवटची खूण आम्ही तुमच्यासाठी ठेवली होती. तुम्ही कूस बदललीत की भाऊ मिशी पिळायचा आणि आम्ही सागरगोटे गोधडीखाली सरकवायचो.

१९६७ सालचा डिसेंबर आठवतो? ११ तारखेला पहाटे चारच्या सुमाराला फळीवरची पितळी भांडी खणखणली आणि चाळ जिने उतरून रस्त्यावर आली. कोयनेचा भूकंप. आई आम्हाला कवटाळून फुटपाथवर बसलेली, नजर गिरणीच्या धुराड्यावर. तुम्ही सातनंतर आलात आणि गर्दी बघून विचारलंत, काय झालं? "खंयचो भूकंप? थंय भुई रोजच हालता." सगळे हसले. आई हसली नाही.

मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचं मात्र मी फार उशिरा समजून घेतलं. त्यातली सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं, दिवसातून किती वेळा कुणास ठाऊक. त्याच धोट्याला दुसऱ्या पाळीवाल्याचंही तोंड. सुताबरोबर तूस घशात जायची. तुमचा सकाळचा खोकला आम्ही बिडीच्या खात्यावर टाकत आलो. अर्धा गुन्हा बिडीचा असेल, अर्धा नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतरचं तुम्हाला मी काय सांगू! अडीच लाख माणसं घरी बसली. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे कागदोपत्री तुम्ही अजून संपावरच आहात, बाबा. पगार तेवढा मागू नका.

नातीला तुमची गिरणी बघायची होती म्हणून गेल्या महिन्यात घेऊन गेले. मॉल झालाय. धुराडं शोभेला ठेवलंय. आत सारखी गाणी चालू, इतकी मोठ्याने की ती मला काहीतरी विचारत होती आणि मला ऐकूच येईना. नकळत माझा अंगठा ओठांकडे गेला. तिला काही कळलं नाही, पण चहा प्यायलो.

बाबा, कानाचं यंत्र डब्यात ठेवून दिलंय हे आईने मला सांगितलंय. तिला रागावू नका. त्यात नुसती खरखर येते म्हणता, ती खरी असेल. येताना मी ते नीट करून देणाऱ्या माणसाचा पत्ता आणते.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी कणकवलीला उतरेन. आई, मी खळ्यात आले की बाबांना ओरडून सांगू नकोस. मी समोर उभी राहून मिशी पिळीन.

तुमची,
बेबी