जुने कपडे व घरगुती कापड जमा करण्याबाबत सूचना

जुळे सोलापूर येथील आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारपासून वॉचमनच्या केबिनशेजारी जुन्या कपड्यांसाठी झाकणाची पेटी ठेवण्यात येत आहे. एरवी असे कपडे घंटागाडीत जातात आणि एकदा ओल्या कचऱ्याचे पाणी लागले की त्यांचा काहीच उपयोग उरत नाही. म्हणून ही सोय येता-जाता हाताशी असावी, असा विचार समितीने केला.

कपडे धुऊन, पूर्ण वाळवून आणि पिशवीत बांधूनच टाकावेत. ही अट काटेकोरपणे पाळावी, कारण एका दमट कपड्याची बुरशी साऱ्या गठ्ठ्याला लागते. घालण्याजोगे कपडे वेगळ्या पिशवीत द्यावेत. ते गरजूंना, तर उरलेले कापड चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे दिले जाईल. विटलेल्या सोलापुरी चादरी आणि टॉवेल तर अवश्य द्यावेत: सुती टेरी टॉवेल पाणी व तेल चांगले शोषत असल्याने गॅरेजमध्ये पुसण्यासाठी त्याचे तुकडे उपयोगी पडतात आणि जाड चादरी गोधडीच्या आत घालता येतात. सुती व पॉलिस्टरमिश्रित कापड एकत्र झाल्यास त्याचे पुन्हा सूत काढणे अवघड जाते, तेव्हा ओळखता येईल तेवढे वेगळे करावे. न जमल्यास तसेच द्यावे.

तेलकट फडकी, गाद्या व चपला स्वीकारल्या जाणार नाहीत. ज्यांच्याकडे बोहारीण येते, त्यांनी तो व्यवहार जरूर चालू ठेवावा. ज्या ज्येष्ठ सभासदांना खाली येणे शक्य नाही, त्यांनी वॉचमनला कळवावे; पिशवी दारातून नेली जाईल.

सचिव, व्यवस्थापन समिती