कंजूस कोण, आई?

नागपूर

ति. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा फोनवर तू स्टुटगार्टच्या समस्त लोकांचा निकाल लावून मोकळी झालीस. रात्री चूल पेटत नाही, गार पाव नि चीज खाऊन झोपतात, आणि वर दादाच्या दारावर जिना झाडायची पाटी अडकवून जातात. म्हणजे कंजूसच! अगं, तुझ्या आधी बाकीच्या जर्मनांनी हेच ठरवून ठेवलंय. तुम्ही उतरलात तो मुलूख श्वाबेनचा, आणि श्वाबेनचा माणूस म्हणजे चिक्कू, असे विनोद त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालतात. गार पावाचं मात्र त्यांच्या एकट्याच्या माथी मारू नकोस. दुपारी गरम जेवायचं आणि रात्री पावावर भागवायचं, ही रीत साऱ्या जर्मनीची. पाटीची भानगड म्हणजे 'केअरवोखे': बिऱ्हाडांनी आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा. आपल्या बिल्डिंगीत अशी पाटी फिरली तर पहिल्याच पाळीला कोण गावाला जाईल, ते मी आत्ताच सांगते.

खालच्या आजींनी दिलेले माउलटाशन बाबांनी पुन्हा मागून खाल्ले म्हणे! बाबा, त्या जाड पारीच्या आत खिमा, पालक, कांदा आणि भिजवलेला शिळा पाव असतो. उपासाच्या दिवसांत माउलब्रॉनच्या मठातल्या साधूंनी देवाला दिसू नये म्हणून मांस असं पिठात दडवलं, अशी तिथली दंतकथा आहे. गमतीने त्याला 'देवाला फसवणारे' म्हणतात. ही युक्ती श्रावणात इकडे आणू नका. पण शिळा पाव टाकवत नाही, म्हणून तो सारणात जातो, याला कंजुषी म्हणायचं असेल तर आई, तुझ्या फोडणीच्या पोळीला काय म्हणू?

इटलीत तर चेष्टेला धार आहे. दक्षिणेकडचे लोक उत्तरेकडच्यांना 'पोलेंतोनी' म्हणतात, म्हणजे मक्याची घाटी खाणारे. मका अमेरिकेतून आला, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिथले गरीब शेतमजूर जवळजवळ त्याच्यावरच जगले. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. इटलीत मका पोचला, चुना मागेच राहिला. लोकांना पेलाग्रा झाला: कातडी सोलवटायची, पोट बिघडायचं, शेवटी डोकं फिरायचं. त्या ताटावरून नाव पाडलं! आता तीच पोलेंता हॉटेलात ऐटीत वाढतात.

आणि आपलं सावजी? हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण, जवसाच्या तेलातलं, काळ्या मसाल्याचं. "तर्री पाहूनच पोटात आग पडते बाप्पा," म्हणून तू ते घरात येऊ दिलं नाहीस. आता बाहेरगावचा पाहुणा स्टेशनवर उतरला की आधी सावजी कुठे मिळतं ते विचारतो, आणि नागपूरकर बाराही महिने तेच खातात असं धरून चालतो. मागे ऑफिसात पुण्याची एक मुलगी आली, तिला घरी जेवायला आणलं. बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात वाढला, वरून हिंग-मोहरीचं तेल, सोबत कढी. बिचारी शेवटच्या घासापर्यंत तिखटाची वाट पाहून राहिली होती! बरं, ज्या मिरचीवर आपली ओळख, ती तरी कुठली? मक्यासारखी तीही अमेरिकेचीच, पोर्तुगीजांनी आणलेली. भिवापूरच्या मातीत अशी रुजली की तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

तर आई, रविवारी त्या आजींना जेवायला बोलाव. सावजीचा हट्ट बाबांनी तिथे धरू नये. वडाभात कर. मोटाची, म्हणजे मटकीची डाळ मिळाली नाही तर चणा, तूर, उडीद चालेल, पण डाळी भरडच वाट, पीठ करू नकोस. तेलात लाल मिरची घाल, पण ते वाटीत वेगळं दे, त्यांचं त्या घेतील. हिंगाची डबी मी बाबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून दिली आहे, नाहीतर सगळे कपडे वासाचे झाले असते. आजी काय म्हणाल्या ते कळव, आणि त्यांचं बोलणं दादाकडून नीट समजून घे, अंदाजाने नको.

तुमची,
लेक