ज्यांचा फोटो नव्हता, त्यांची बंदूक तुम्ही घडवलीत

मूर्तिकार दादा,

सप्रेम नमस्कार.

१६ डिसेंबरला आखरावरच्या नव्या पुतळ्याचं अनावरण झालं, नारळ फुटला, आणि भाषणं संपायच्या आत तुम्ही निघून गेलात. तुमच्यासाठी आणलेला हार तसाच राहिला. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून असं उघड.

गावाबाहेरच्यांना थोडं सांगते. आमच्या आखरावर, पोळ्याला बैलांची रांग लागते तिथे, दोन नावांचा दगड आहे. एक १९७१ च्या लढाईतले. दुसरे माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, १९६२ च्या चीन युद्धात नेफाच्या, आताच्या अरुणाचलच्या, सीमेवर गेलेले. दगडामागे सिमेंटचा जवान उभा होता. आतल्या सळ्या गंजून फुगल्या आणि सिमेंट फोडून बाहेर आल्या. आधी हात गेला, मग हनुवटी. आम्ही दर २६ जानेवारीला वरून ऑइलपेंट मारत राहिलो, याची आता लाज वाटते.

तेव्हा लढाईत पडलेल्यांचे देह घरी येत नसत. अंत्यसंस्कार तिकडेच, आघाडीजवळ व्हायचे. तिरंग्यातल्या पेट्या गावोगावी येऊ लागल्या त्या १९९९ च्या कारगिलपासून. मोठ्या बाबांची तर नुसती तार आली, बेपत्ता म्हणून. आमच्या घराला समाधी म्हणाल तर तो दगडच.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा बहुतेकांना संगीन रोखून धावणारा जवान हवा होता. तुम्ही वाद घातला नाही, फोटो मागितले. १९७१ वाल्यांच्या घरून आला. आमच्याकडे एकही नव्हता. मग तुम्ही बाबांजवळ ओसरीवर दोन तास बसलात. भाऊ दिसायला कसा होता, हे ऐंशीच्या घरातल्या बाबांना नीट सांगता येईना. शेवटी एवढंच म्हणाले, "माह्या भावाले ऊन कितीबी सोसे, थंडी नाई सोसे." वैशाखात अनवाणी वखर हाकणारा माणूस सुती वर्दीत बर्फावर गेला होता. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. वही मिटलीत आणि चहा गार होईपर्यंत तसेच बसून राहिलात.

पुढच्या खेपेला मातीचा छोटा नमुना आणलात. शोकशस्त्र केलेला जवान. मान खाली, बंदूक उलटी, नळी बुटावर टेकलेली, दोन्ही हात दस्त्यावर. हेल्मेटच्या सावलीत चेहरा अर्धा झाकलेला. हा दोघांपैकी कुणीच नाही, दोघांसाठी उभा राहिलेला सोबती आहे, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा सभेतली कुजबुज थांबली. १९७१ वाल्यांच्या पुतण्यानं घरचा फोटो असूनही चेहऱ्याचा हट्ट सोडला. त्याचेही आभार इथेच मानते.

बंदुकीचा प्रश्न उरला होता. १९७१ च्या जवानाकडे पुढची गोळी आपोआप भरणारी एसएलआर, १९६२ च्या जवानाकडे दर गोळीला बोल्ट ओढावी लागणारी थ्री नॉट थ्री. घडवायची कोणती? तुम्ही म्हणालात, "ज्यांचा फोटो नाही, त्यांची बंदूक तरी असू द्या." बाबा तेव्हा उठून बाहेर गेले. ते रडले, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

ब्राँझ आमच्या वर्गणीत बसत नव्हतं. तुम्ही फायबरमध्ये करायचं ठरवलंत, पण आत चांगली चौकट देऊन. गणपतीची कामं सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातच साचा भरायचा होता. त्या उन्हात रेझिन भराभर घट्ट होतं, ब्रश फिरवायलाही वेळ मिळत नाही. म्हणून तुम्ही रोज पहाटे चारला उठून थर चढवलेत. जुना दगड बदलू दिला नाहीत, त्यातलीच अक्षरं छिन्नीनं उघडलीत. पैसे घेतलेत ते फक्त सामानाचे. हे सगळं गावानं पाहिलंय, दादा.

आता एक विचारायचं आहे. बाबा रोज संध्याकाळी आखरावर जातात आणि आपलं घोंगडं पुतळ्याच्या खांद्यावर टाकून येतात. सकाळी आम्ही काढून आणतो तेव्हा ते दवानं ओलं झालेलं असतं. रात्रभर तसं लागून राहिलं तर रंगाला काही होईल का, तेवढं कळवा. बाबांना नको म्हणवत नाही.

तुमची,
मोठ्या बाबांची पुतणी